वडी सोयाची, हिशेब मटणाचा

संध्याकाळी पाळी सुटली की शिरोली एमआयडीसीतल्या किराणा दुकानांसमोर मोटारसायकलींची दाटी होते. बटाटे, कांदे, तेलाची पिशवी, तंबाखूची पुडी आणि त्याच्या जोडीला पाव किलो सोयाबीन वड्या, गोणीतून मापून दिलेल्या. घेणारे बरेचसे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडून फाउंड्रीत कामाला आलेले. पुलाच्या शिरोलीत, नागावात, हालोंडीत चौघा-पाचांनी मिळून खोली घ्यायची आणि रात्री एकाच शेगडीवर बटाटा-सोयाबडीचा रस्सा आणि भात टाकायचा. वडीबद्दल त्यांना शंका नसतात. शंका असतात त्या आपल्या, कोल्हापूरकरांच्या. बुधवार, शुक्रवार, रविवार मटण-चिकनचा. सोमवार, गुरुवार, शनिवार देवाचा. मग देवाच्या वाराला किंवा महिनाअखेरीला वडी ताटात आली की पहिला प्रश्न, "मटणासारखं लागतंय का?" आणि दुसरा, "खाल्लेलं चालतंय न्हवं?" पहिल्या प्रश्नातून स्वयंपाकाचे गैरसमज झाले, दुसऱ्यातून तब्येतीचे. दोन्हींच्या मुळाशी खोड एकच, वडीला मटणाच्या मापानं मोजायची.

"हे तर कोंबड्यांचं खाद्य"

यात अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळंच हा समज हटत नाही. सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ ते २० टक्के असतं. ते काढून घेतल्यावर जे उरतं ती पेंड. पेंडीचा मोठा वाटा कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्याला जातो, हे बरोबर. पण वडीसाठी जे पीठ वापरतात त्याचं बी साफ केलेलं, टरफल काढलेलं असतं आणि त्याला माणसाच्या अन्नाचे नियम लागतात. शेंगदाण्याची पेंड म्हैस खाते म्हणून आपण शेंगदाण्याची चटणी टाकून देत नाही.

तेल काढायला हेक्झेन नावाचा द्रव वापरतात. "वडीत केमिकल असतंय" या बोलण्याचा उगम इथं आहे. हेक्झेन ६९ अंशांच्या आसपास उकळतो. वाफ देऊन तो पिठातून उडवतात आणि गोळा करून पुन्हा वापरतात, कारण वाया घालवणं कारखान्यालाच परवडत नाही. आपल्याकडच्या नियमाप्रमाणं खाण्याच्या सोयापिठात तो दहा लाख भागांत १० भागांपेक्षा जास्त राहता कामा नये. बाजारातलं बरंचसं रिफाइंड तेलही याच वाटेनं येतं. ते रोज फोडणीला चालतं आणि वडी तेवढी संशयास्पद, हे काही पटत नाही.

पुढचं काम शिरोलीच्या माणसाला समजावून सांगायला नको. पीठ, पाणी, फिरणारा स्क्रू, दाब, उष्णता आणि शेवटी डाय. बॅरलमध्ये १४०-१५० अंशांच्या आसपास पिठातली प्रथिनं वितळल्यासारखी होतात आणि एका दिशेनं ताणली जातात. डायमधून बाहेर पडताच दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि माल फुगून सच्छिद्र होतो. सोऱ्यातून कुरडई पाडतो त्यातलाच प्रकार, फक्त सोऱ्या तापलेला आणि दाब भलताच. वडी तोडल्यावर जे मांसासारखे पदर दिसतात ते या ताणण्याचे. त्यात प्लॅस्टिक नाही की रबर नाही. ही पद्धत अमेरिकेतल्या आर्चर डॅनियल्स मिडलंड कंपनीनं १९६० च्या दशकात बसवली. आपल्याकडं १९८० च्या दशकात रुची सोयाच्या न्यूट्रेलानं ती घरोघरी नेली. आता ती कंपनी पतंजलीकडं आहे.

सोयाबीन परदेशी आहे, आपल्या अंगाला लागत नाही, असंही म्हणतात. मणिपूरचं हवाइजार, सिक्कीमचं किनेमा आणि नागालँडचं अखुनी हे तिघंही आंबवलेल्या सोयाबीनचेच पदार्थ. कुमाऊंतली भटाची डाळ म्हणजे काळं सोयाबीन. महाराष्ट्रात गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन जेवणात घेऊन पाहिलं आणि त्यावर 'हरिजन'मध्ये लिहिलंही. आपल्या हातकणंगले, शिरोळ भागात खरिपाला सोयाबीन असतंच. इथं पेरल्या जाणाऱ्या फुले संगम, फुले किमया या वाणांचे केडीएस ७२६ आणि केडीएस ७५३ हे नंबर आहेत ना, त्यातलं केडी म्हणजे शेजारच्या सांगलीतलं कसबे डिग्रज. तिथल्या संशोधन केंद्राचीच ही वाणं.

आणि जीएमचं, म्हणजे जनुकं बदललेल्या सोयाबीनचं काय? भारतात जीएम सोयाबीन पेरायला परवानगी नाही. २०२१ मध्ये केंद्रानं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करू दिली, ती जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी. त्या बातमीचा अर्धाच भाग लोकांच्या लक्षात राहिला.

"मटणाच्या अडीचपट ताकद"

हा गैरसमज वडीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा. पाकिटावर १०० ग्रॅमला ५२ ग्रॅम प्रथिनं छापलेली असतात, कच्च्या मटणात ती २० च्या आसपास. झाली अडीचपट. पण हे ५२ कोरड्या वडीतले आहेत, आणि कोरडी वडी कोणी खात नाही. ५० ग्रॅम वड्या भिजवून पिळल्या की १३०-१५० ग्रॅम भरतात आणि प्रथिनं त्यात तीच २६ ग्रॅम. म्हणजे ताटात आलेली वडी, वजनाला वजन लावलं तर, कच्च्या मटणाच्या जवळपास बसते. हे काही कमी नाही. शिवाय सोयाची प्रथिनं सगळी आवश्यक अमिनो आम्लं देणारी आहेत, डाळींमध्ये हे क्वचित. पण अडीचपट नाही.

दुसरा हिशेब भट्टीवरच्या माणसाचा. मोल्डिंग-फेटलिंगसारखं अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला प्रथिनं दुप्पट लागतात, म्हणून वडी भरपूर खा, असं त्याला सांगतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी पाहा. ६५ किलोच्या पुरुषाला प्रथिनं दिवसाला ५४ ग्रॅम, मग तो खुर्चीत बसणारा असो की घाम गाळणारा. बदलतात त्या कॅलरी. बैठ्या कामाला २,११०, मध्यम कामाला २,७१०, जड कामाला ३,४७०. वडीत तेल जवळपास नाहीच, १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅम. त्यामुळं नुसत्या वड्यांवर भट्टीचं काम ओढवत नाही. तिच्यासोबत भाकरी, भात, तेल, शेंगदाणे पोटात जायला हवेत. खोलीतली पोरं बटाटा, वडी आणि ताटभर भात खातात तेव्हा त्यांचं गणित पोषणतज्ज्ञाच्या तक्त्याशी जमलेलंच असतं.

आणि मटणातून मिळणारं सगळंच वडीतून मिळत नाही. बी-१२ जीवनसत्त्व सोयात नाही. लोह आहे, पण वनस्पतीतलं लोह अंगी कमी लागतं. ताटात लिंबाची फोड असेल तर त्यातला जास्त भाग शोषला जातो. दूध-दही, अंडं यांतलं काहीच न खाणाऱ्यानं वडीवर विसंबून बी-१२ विसरू नये.

"पैलवानानं खाऊ नये"

कोल्हापूर तालमींचं गाव. खासबागेच्या मैदानापासून गल्लीतल्या जिमपर्यंत ही भीती पसरली आहे: सोयाबीननं पुरुषाच्या अंगात बायकी हार्मोन वाढतं, छाती वाढते, मर्दपणा जातो. भीतीला धागा आहे. सोयात आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्यं असतात आणि त्यांची रचना इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती असते. पण मिळतीजुळती म्हणजे तीच नव्हे. शरीरात त्यांचा परिणाम खूपच दुबळा आणि काही ठिकाणी उलटाही असतो. २०२१ मध्ये यावरच्या ४१ अभ्यासांचे आकडे एकत्र करून तपासले गेले. सोया किंवा आयसोफ्लेव्होन घेणाऱ्या पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये किंवा इस्ट्रोजेनमध्ये फरक आढळला नाही. २०१० मधल्या अशाच तपासणीतही टेस्टोस्टेरॉन हललं नव्हतं.

मग ही गोष्ट आली कुठून? २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरी नियतकालिकात ६० वर्षांच्या एका माणसाची नोंद छापून आली. त्याची छाती खरंच वाढली होती. तो दिवसाला जवळजवळ पावणेतीन लिटर सोयादूध पीत होता. बंद केल्यावर हार्मोन जागेवर आले. एवढं कुठलंही एक पेय रोज ढोसणाऱ्याची गोष्ट आठवड्यातून दोनदा वडीची भाजी खाणाऱ्याला लावण्यात अर्थ नाही.

थायरॉइडचं मात्र नीट ऐकायला हवं. निरोगी माणसाला, आयोडीनचं मीठ पोटात जात असेल तर, सोयानं थायरॉइड होत नाही. पण थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांना सोया त्या गोळीच्या शोषणात आडवं येतं. गोळी सकाळी उपाशीपोटी, वडी दुपारी किंवा रात्री. मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी प्रथिनं मोजून दिली असतील तर वडीही त्या मापात धरायची. आणि सोयाची ॲलर्जी काहींना खरोखर असते, म्हणून तर पाकिटावर ती छापावी लागते.

"मटणासारखं शिजवलं की मटणासारखं लागतं"

सगळ्यात जास्त वड्या वाया जातात त्या या समजामुळं. कुकरला लावून पाच-सहा शिट्ट्या, वर जेवढं उकळेल तेवढं बरं. मटणाला हे लागतं, कारण त्यातलं कोलॅजन हळूहळू विरघळून मऊ व्हावं लागतं. वडीत कोलॅजन नाही आणि ती कारखान्यातच शिजून आलेली असते. तिला शिजवायचं नाही, तिच्यात पाणी भरायचं आणि मग ते पाणी काढून तिथं मसाला भरायचा. कुकरमधून निघते ती फुगलेली, पाणचट वडी. तिच्यावर कितीही तिखट टाका, ते बाहेरच राहतं.

करायचं ते असं. पाण्यात मीठ घालायचं, मटणाच्या रश्श्याला घालतो तेवढं हात सैल सोडून, आणि चिमूट हळद. पाणी उकळलं की वड्या टाकून पाच-सात मिनिटं ठेवायच्या, मग गॅस बंद करून दहा मिनिटं झाकण. त्यानंतर पाणी ओतून गार पाणी घालायचं आणि पिळायचं. पिळायचं म्हणजे मुठीत दाबून, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत, दोन-तीन पाण्यांतून. इथं घाई झाली की भाजी फसली. "पिळल्यावर सगळं सत्त्व जातं" ही तक्रार हमखास येते. वडीतली प्रथिनं उष्णतेनं घट्ट बसलेली असतात, ती सहजी पाण्यात उतरत नाहीत. जातो तो कच्च्या सोयाचा हिरवट वास आणि पोटात वायू करणाऱ्या साखरांचा काही भाग. ज्यांना वडीनं पोट फुगतं त्यांनी पिळणं वाढवायचं आणि सुरुवातीला वाटीभरच खायची.

आता मसाला. पिळलेल्या वडीला आलं, लसूण, कोथिंबिरीचं वाटण, दोन चमचे दही आणि मीठ चोळून अर्धा तास ठेवा. रिकाम्या झालेल्या भोकांत हे शिरतं. मग तेलात, कडा लालसर होईपर्यंत परता. तेलाला हात आखडता घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की मटण स्वतःची चरबी घेऊन येतं, वडी काहीच घेऊन येत नाही. रश्श्यावर लाल कट हवा असेल तर तो तेलातूनच येणार, कारण मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही.

खरी अडचण तांबड्या-पांढऱ्याची. कोल्हापुरी रश्श्याचा जीव आळणी पाण्यात असतो. मटण हळद-मिठात शिजवून निघालेल्या या पाण्यात कोलॅजनचं जिलेटिन उतरलेलं असतं, आणि ओठाला ओठ चिकटतो तो त्याच्यामुळं. वड्या उकळलेलं पाणी म्हणजे आळणी नव्हे. ते रश्श्यात ओतणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते रस्से चाखले आहेत. ते पाणी मोरीत. तांबड्याला अंग द्यायचं तर भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस आणि काळपट होईस्तोवर भाजलेला कांदा यांचं वाटण मटणाला घेतो त्याच्या दीडपट घ्यायचं आणि घरची कांदा-लसूण चटणी तेलात पडू द्यायची. तांबडा रस्सा या वाटेनं चांगला जमतो. पांढरा जमत नाही. नारळाचं दूध, काजू, खसखस, वेलदोडा सगळं घालून जे होतं ते चवीला बरं असतं, पण तो पांढरा रस्सा नव्हे, आणि त्याला तसं म्हणून पाहुण्यांपुढं ठेवू नये.

ज्यांच्या घरी पोरं मोठी वडी चावायला कंटाळतात त्यांनी बारीक दाण्याची सोया आणावी. दुकानात ती सोया खिमा किंवा ग्रॅन्युल्स म्हणून मिळते. खिम्यात मुळातच चव मसाल्याची आणि मटार-कांद्याची, त्यामुळं फरक कमी जाणवतो. मसाला बारीक दाण्यात लवकर मुरतो. माझ्या मते वडीपेक्षा हा खिमाच घरच्या स्वयंपाकाला जास्त सोयीचा.

घरचं सोयाबीन घरच्या जात्यात

पाकिटातल्या वडीबद्दल शंका घेणारी माणसं घरच्या शेतातल्या सोयाबीनबद्दल मात्र निर्धास्त असतात, आणि खरा धोका तिथं आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतो. तो आपल्या पोटात प्रथिनं पचवणाऱ्या रसाला अडवतो. गव्हात थेट कच्चं सोयाबीन मिसळून दळून आणलं तर चपाती तव्यावर दोन मिनिटं राहते, तेवढ्यानं तो पुरता मोडत नाही. पोट बिघडतं आणि मग "सोयाबीन सोसत नाही" असा शिक्का बसतो. बी साफ करून उकळत्या पाण्यात २०-२५ मिनिटं ठेवायचं, उन्हात कडकडीत वाळवायचं, टरफल काढायचं आणि मग नऊ किलो गव्हाला एक किलो या मापानं दळायला द्यायचं. वडीच्या बाबतीत हे काम कारखान्यातल्या त्या तापलेल्या सोऱ्यानं, म्हणजे एक्स्ट्रूडरनं आधीच केलेलं असतं. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं हा घटक बराच कमी असलेलं एनआरसी १२७ हे वाण काढलं आहे, पण आपल्या घरच्या पोत्यात ते आहे असं धरून चालू नये.

आणखी एक. पेरणीतून उरलेलं बियाणं खायला घ्यायचं नाही, कितीही धुतलं तरी. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, म्हणून तर ते रंगीत असतं. कोंबड्यांनाही घालू नये.

चाप, टोफू आणि फ्रीजरमधलं 'मटण'

अलीकडं हायवेच्या ढाब्यांवर सोया चाप मिळू लागला आहे. दिल्लीकडचा हा प्रकार नावानं सोया, पण त्यात सोयाच्या पिठाबरोबर भरपूर मैदा असतो. काडीला गुंडाळता येतो तो मैद्यातल्या ग्लूटेनमुळं. गहू वर्ज्य असलेल्यानं चापापासून लांब राहावं, आणि वडीचं ५२ टक्क्यांचं गणित त्याला लावू नये. टोफू वेगळाच. सोयादूध फाडून केलेलं ते पनीर, मऊ आणि पाणीदार. रश्श्यात वडीच्या जागी टाकलं तर ढवळताना मोडतं.

गोठवलेलं तयार वनस्पती-मांसही शहरात मिळतं. रितेश आणि जेनेलिया देशमुख यांनी २०२१ मध्ये इमॅजिन मीट्स काढली, तिला साथ वडीची पद्धत बसवणाऱ्या आर्चर डॅनियल्स मिडलंडचीच. या मालात चव, चरबी, मीठ आधीच घातलेलं असतं. म्हणून ते मांसाच्या जास्त जवळ जातं आणि म्हणूनच पाकिटामागचं मीठ किती ते वाचून घ्यावं. किंमत पाहता पगारदार कामगाराच्या रोजच्या ताटात ते इतक्यात येत नाही.

माळकऱ्यांच्या घरी वडी नाकारतात त्याला गैरसमज म्हणता येणार नाही. पाकिटावर हिरवा ठिपका आहे, वडी शंभर टक्के शाकाहारी आहे, हे त्यांनाही माहीत असतं. ताटात मांसासारखं दिसणारं काही नको, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते वस्तुस्थिती सांगून खोडायचं नसतं.

शेवटी साठवणीचं. कोरडी वडी हवाबंद डब्यात महिनोन् महिने राहते. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, भाजीचे ट्रक अडकले, तेव्हा असल्या कोरड्या मालाची किंमत कळली. पण टिकाऊपणा कोरड्या वडीचा, भिजवलेल्या वडीचा नाही. ओली वडी म्हणजे प्रथिनं आणि पाणी, जंतूंना याहून काय हवं. पहाटे भिजवून दुपारच्या पाळीपर्यंत उघड्यावर ठेवली, तीही मे महिन्यात, तर आंबूस वास येतो आणि मग नाव सोयाबीनचं बद्दू होतं. पिळलेली वडी फ्रीजमध्ये एक दिवस, फार तर दोन दिवस. शिजवलेला रस्सा रात्री फ्रीजमध्ये टाकून सकाळी खदखदून उकळला तर चालतो, आणि रात्रभरात मसाला वडीच्या पोटापर्यंत गेलेला असल्यामुळं डब्यात दुसऱ्या दिवशीचाच जास्त चांगला लागतो.